ब्रदर डीसीपी-एल२५४१डीडब्ल्यू : फर्मवेअर अपडेटनंतर नेटवर्क तुटलं, तर हे मशीन किती साथ देतं?

लेझर प्रिंटरची परीक्षणं बहुतेक वेळा मिनिटाला किती पानं निघतात आणि टोनर किती टिकतो इथेच संपतात. चार-पाच कॉम्प्युटर एकाच प्रिंटरवर चालवणाऱ्या ऑफिसला मात्र यापेक्षा मोठी काळजी असते. प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं, मशीन बंद होऊन परत चालू झालं आणि सगळ्या कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन' दिसायला लागलं, तर बिघाड नेमका कुठे आहे हे मशीन स्वतः सांगतं का, आणि दुरुस्ती बाहेरून माणूस न बोलावता जमते का? वकिलांच्या, सीएंच्या ऑफिसात आणि महा ई-सेवा केंद्रांत दिसणाऱ्या ब्रदरच्या या मॉडेलकडे मी त्याच नजरेने बघणार आहे.

आधी मशीनची ओळख. प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स करणारा हा काळा-पांढरा लेझर आहे. वेग मिनिटाला ३० पानं, पाठपोट छपाई आपोआप, ट्रे २५० कागदांचा, वर ३५ कागदांचा एडीएफ, म्हणजे स्कॅनसाठी कागद आपोआप ओढणारा फीडर. टोनर टीएन-२३६५, साधारण २६०० पानांचा. ड्रम वेगळा, डीआर-२३६५, साधारण १२००० पानांचा. जोडणीचे तीन रस्ते आहेत: यूएसबी, १०/१०० वेगाचा लॅन पोर्ट आणि २.४ गिगाहर्ट्झवरचं वाय-फाय. पडदा दोन ओळींचा, एका ओळीत १६ अक्षरं. रचना जुन्या पिढीची आहे. त्याचे तोटे पुढे येतीलच, पण दुरुस्तीच्या बाबतीत हीच जुनी रचना बऱ्याचदा उपयोगी पडते.

अपडेट मुळात करायचंच कशाला, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे, कारण अपडेटने प्रिंटर बिघडल्याची उदाहरणं सगळ्यांच्या कानावर आलेली असतात. मे २०२३ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट ९०२एक्स मालिकेतल्या प्रिंटरवर अपडेटनंतर ८३सी००००बी हा एरर येऊन मशीनं निळ्या पडद्यावर अडकली होती. दुसरी बाजूही बघायला हवी. जून २०२५ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने ब्रदरच्या ६८९ मॉडेलांमधल्या त्रुटी जाहीर केल्या. त्यातली सर्वांत गंभीर त्रुटी अशी, की कारखान्यातून येणारा ॲडमिन पासवर्ड सीरियल नंबरवरून काढता येतो. बाकीच्या त्रुटींवर फर्मवेअरने इलाज झाला. ही एक मात्र विकल्या गेलेल्या मशीनमध्ये फर्मवेअरने पुरती जात नाही, तिथे पासवर्ड बदलणं हाच उपाय. आपलं मॉडेल त्या यादीत आहे का, ते ब्रदरच्या सपोर्ट साइटवर बघता येतं. म्हणून माझं मत असं: अपडेट करावं, पण ते आल्या क्षणी नको. आठवड्याच्या कामाच्या मधोमधही नको.

रिफिल टोनर वापरणाऱ्यांना अपडेटची वेगळी धास्ती असते. मार्च २०२५ मध्ये ब्रदरवरही असा आरोप झाला होता, की फर्मवेअर बाहेरच्या टोनरला त्रास देतं. कंपनीने तो नाकारला. या मॉडेलपुरतं सांगायचं तर टीएन-२३६५ मध्ये चिप नसते. टोनर नवा आहे हे मशीनला कळतं ते बाजूच्या छोट्या रिसेट गिअरवरून. रिफिल करणारे हाच गिअर मागे फिरवून देतात. त्यामुळे अपडेटनंतर 'टोनर संपला' असं दिसलं तर आधी गिअर आणि कार्ट्रिजची बसवण तपासा.

आता मुख्य विषय. अपडेटनंतर 'प्रिंटर गेला' असं जे म्हटलं जातं, त्यात चार वेगळे बिघाड एकाच नावाखाली खपतात, आणि चौघांचा इलाज वेगळा आहे. पहिला, मशीनचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलला. दुसरा, मशीन वाय-फायवरून उतरलं. तिसरा, मशीन नेटवर्कवर आहे, आयपीही तोच आहे, पण विंडोजला ते बंद वाटतंय. चौथा, प्रिंट निघते पण स्कॅन होत नाही. कॉम्प्युटरवर मात्र पहिल्या तिन्ही वेळी 'ऑफलाइन' हा एकच शब्द दिसतो. लोक लगेच ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकायला घेतात आणि तिथेच तास-दीड तास जातो. ड्रायव्हर या चारांपैकी बहुतेक ठिकाणी निर्दोष असतो.

इथे या मशीनची सर्वांत चांगली गोष्ट पुढे येते. ते कागदावर खरं सांगतं. मेन्यूमधल्या प्रिंट रिपोर्ट्समध्ये जाऊन नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कागद काढा. मशीन नेटवर्कवर नसलं तरी हा कागद निघतो. त्यावर आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, बूट मेथड (मशीन पत्ता कसा मिळवतं ते), मॅक ॲड्रेस (जोडणीची कायमची ओळख) आणि नोडचं नाव (नेटवर्कवरचं मशीनचं नाव) असतं. आयपी ॲड्रेसची ओळ पहिली वाचा. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतला आहे. अशा वेळी कॉम्प्युटरवर काहीही केलं तरी उपयोग नाही, बिघाड मशीन आणि राउटरच्या मध्ये आहे. आकडा राउटरच्याच घरातला असेल, म्हणजे जिओ फायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९ ने सुरू होणारा, तर मशीन नेटवर्कवर आहे आणि बिघाड कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. या एका ओळीने निम्मं निदान होतं.

दुसरा कागद वायरलेसचा, डब्ल्यूलॅन रिपोर्ट. वाय-फाय जोडणी फसली तर त्यावर टीएस अक्षरांपुढे दोन आकडी कोड छापून येतो, आणि हे कोड खरोखर कामाचे आहेत. टीएस-०१ म्हणजे वायरलेस बंद आहे. नेटवर्क सेटिंग मूळपदावर गेल्यावर हाच कोड येतो, कारण कारखान्याच्या सेटिंगमध्ये या मशीनचं वायरलेस बंद असतं. मेन्यूतून डब्ल्यूलॅन चालू केलं की पुढे जाता येतं. टीएस-०२ म्हणजे राउटर सापडतच नाही. टीएस-०४ म्हणजे राउटर सापडला, पण त्याची सुरक्षेची पद्धत या मशीनला कळत नाही. टीएस-०५ म्हणजे नेटवर्कचं नाव किंवा पासवर्ड चुकला. टीएस-०३ आणि टीएस-०६ हेही सेटिंग किंवा सुरक्षेची माहिती चुकल्याचे. टीएस-०७ आणि ०८ फक्त डब्ल्यूपीएस बटणाने, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून, जोडताना येतात: पहिल्यात डब्ल्यूपीएस चालू असलेला राउटर सापडत नाही, दुसऱ्यात एकाच वेळी दोन सापडतात. मोठा रंगीत टचस्क्रीन देऊनही 'कनेक्ट होऊ शकत नाही, नंतर प्रयत्न करा' एवढंच सांगणारी मशीनं बाजारात आहेत. त्यांच्यापेक्षा कागदावर कोड छापणारं हे मशीन मला कितीतरी प्रामाणिक वाटतं.

टीएस-०२ आणि टीएस-०४ वर थोडं थांबायला हवं, कारण अपडेटच्या दिवशी हे कोड आले तर दोष अपडेटवर जातो आणि कारण बऱ्याचदा राउटरमध्ये असतं. हे मशीन फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं. हल्लीचे फायबर राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. नव्याने जोडायची वेळ आली की काही राउटरवर इथेच अडकतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, मशीन त्यावर जोडा. फोन आणि लॅपटॉप ५ वर राहिले तरी चालतं, दोन्ही एकाच राउटरच्या एकाच नेटवर्कमध्ये असल्याशी मतलब. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का करा. टीएस-०४ दिसला तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर आहे का बघा, कारण या पिढीच्या मशीनला डब्ल्यूपीए२ आणि एईएस लागतं. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवूनही जोडत नसेल तर २.४ च्या नावापुरतं निव्वळ डब्ल्यूपीए२ ठेवा. गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर कधीच जोडू नका. तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशीच व्यवस्था असते.

वाय-फायचा पासवर्ड परत टाकणं हा या मशीनचा सर्वांत त्रासदायक भाग. दोन ओळींच्या पडद्यावर एकेक अक्षर निवडत जायचं, मोठी-लहान अक्षरं आणि चिन्हं धरून. सोळा अक्षरी पासवर्ड असेल तर चूक ठरलेली. यापेक्षा ब्रदरचा इन्स्टॉलर कॉम्प्युटरवर चालवा, वायरलेस निवडा आणि तो सुचवतो तशी यूएसबी केबल तात्पुरती लावा. पासवर्ड कीबोर्डवरून टाकता येतो, मशीन जोडलं गेलं की केबल काढून ठेवायची. त्यासाठी दीड-दोन मीटरची एक यूएसबी केबल ऑफिसात कायम असू द्या.

पण खरं सांगायचं तर, ज्यांच्याकडे हे मशीन ऑफिसच्या कामाला आहे त्यांनी ते वाय-फायवर ठेवूच नये. लॅन पोर्ट हीच या मॉडेलची खरी किंमत आहे. कॅट ६ ची केबल राउटरपर्यंत ओढली, की नाव, पासवर्ड, चॅनल, सुरक्षा हे सगळे प्रश्न संपतात. फर्मवेअर अपडेटने नेटवर्क सेटिंग पार पुसलं गेलं तरी लॅनवरचं मशीन चालू झाल्यावर स्वतःच पत्ता मागून घेतं.

वाय-फायवरून लॅनवर जाताना एक बारीक गोष्ट नडते. या मशीनवर दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालत नाहीत. नुसती केबल खोचून भागत नाही, मेन्यूतून वायरलेस बंद आणि वायर्ड लॅन चालू करावं लागतं. शिवाय लॅनचा मॅक ॲड्रेस वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. नोडचं नावही बदलतं: वाय-फायवर ते बीआरडब्ल्यू आणि पुढे मॅक ॲड्रेसची १२ अक्षरं असं असतं, लॅनवर बीआरएन आणि पुढे लॅनच्या मॅकची १२ अक्षरं. एखाद्या कॉम्प्युटरवर प्रिंटर आयपीऐवजी नावाने जोडलेला असेल तर बीआरडब्ल्यूवालं नाव शोधत तो कॉम्प्युटर बसून राहतो. नेटवर्कच्या कागदावर मॅक ॲड्रेस छापलेला असतोच. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवला की हा फरक लगेच दिसतो.

आता पहिला बिघाड, आयपी बदलण्याचा. सर्वांत जास्त वेळा हाच होतो. अपडेट संपलं की मशीन रीस्टार्ट होतं आणि राउटरकडे नव्याने पत्ता मागतं. बहुतेक वेळा जुनाच मिळतो. पण मधल्या काळात वीज गेली, राउटरही रीस्टार्ट झाला आणि कुणाचा तरी फोन आधी जोडला गेला, तर प्रिंटरचा पत्ता फोनला जातो. मशीनला नवा मिळतो, पण कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतात. तपासणी सोपी आहे. प्रिंटर बंद करा आणि कमांड प्रॉम्प्टवरून जुन्या आयपीला पिंग करा, म्हणजे त्या पत्त्यावरून कुणी उत्तर देतं का ते बघा. प्रिंटर बंद असतानाही उत्तर आलं तर तो पत्ता दुसऱ्याच कुणाकडे आहे.

दुरुस्ती प्रत्येक कॉम्प्युटरवर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, मग प्रिंटर प्रॉपर्टीज. तिथे पोर्ट्सचा टॅब उघडा (इथे पोर्ट म्हणजे विंडोज छपाई कुठे पाठवतं त्याची नोंद) आणि टिक केलेली ओळ नीट वाचा. पोर्टचं नाव डब्ल्यूएसडीने सुरू होत असेल तर विंडोजने प्रिंटर स्वतःच्या शोधाने जोडलेला आहे आणि त्यात आयपी बदलायला जागाच नाही. हा पोर्ट सगळं सुरळीत असताना चालतो आणि रीस्टार्टनंतर सर्वांत आधी तोच दगा देतो. ॲड पोर्ट दाबा, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा, कागदावरचा आयपी टाका. ड्रायव्हर काढायची गरज नाही, पोर्ट बदलला की झालं.

पोर्ट बनवताना एक खूण ध्यानात ठेवा. आयपी टाकून पुढे गेल्यावर विझार्ड थोडा वेळ थांबला आणि जास्तीची माहिती मागत 'जनरिक नेटवर्क कार्ड' निवडायला सांगू लागला, तर विंडोजला त्या पत्त्यावर प्रिंटरची ओळख पटलेली नाही. एक तर आयपी चुकला, नाही तर मशीनवर एसएनएमपी (प्रिंटरची स्थिती विचारण्याची नेटवर्कवरची पद्धत) बंद किंवा बदललेलं आहे. तसंच पुढे रेटण्याआधी पिंग करून बघा. पिंगला उत्तर नसेल तर मागे फिरा. उत्तर असेल तर पुढे जा, प्रोटोकॉल रॉ आणि पोर्ट ९१०० ठेवा. रॉऐवजी एलपीआर हा दुसरा प्रोटोकॉल वापरायचाच असेल तर रांगेचं नाव बायनरी_पी१ असं, मूळ इंग्रजी अक्षरं सगळी मोठी.

हीच खूण तिसऱ्या बिघाडाकडे नेते. पिंग मिळतं, ब्राउझरमध्ये आयपी टाकल्यावर मशीनचं वेब पेजही उघडतं, आणि विंडोज तरीही 'ऑफलाइन' म्हणतं. स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट प्रिंटरची तब्येत एसएनएमपीने विचारतो, 'पब्लिक' या कम्युनिटी नावाने. अपडेटनंतर किंवा कुणी सुरक्षेसाठी सेटिंग बदलल्यावर मशीन फक्त एसएनएमपी व्ही३ ला उत्तर देत असेल, तर विंडोजच्या साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि ते प्रिंटरला बंद समजतं. इलाज दोन. पोर्ट्सच्या टॅबमध्ये कॉन्फिगर पोर्ट उघडून 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' समोरची टिक काढा. नाही तर वेब पेजच्या नेटवर्क भागात प्रोटोकॉलमध्ये जाऊन एसएनएमपी व्ही१/व्ही२सी चं वाचन चालू करा. मी पहिला पसंत करतो. एकच तोटा, टोनर किंवा कागद संपल्याची सूचना त्या पोर्टकडून विंडोजला येत नाही. पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात प्रिंटर समोरच असतो, तिथे त्याने काही अडत नाही.

टिक काढल्यावरही रांग अडकलेली दिसली तर जुने जॉब साफ करावे लागतात. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, थांबवा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरातल्या फाइल्स उडवा, फोल्डर ठेवा. स्पूलर परत चालू करा. प्रिंटरच्या रांगेच्या मेन्यूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर टिक राहिली असेल तर तीही काढा. तासभर अडकलेल्या माणसाने रागाने दहा वेळा प्रिंट दिलेली असते. साफ न करता जोडणी दुरुस्त झाली तर ती दहाही प्रती एकदम बाहेर पडतात.

ब्रदरचं नेटवर्क कनेक्शन रिपेअर टूल यासाठीच आहे. ते मशीन शोधतं आणि ड्रायव्हरमधला पत्ता बदलून देतं. पहिल्या बिघाडासाठी चांगलं, मेन्यूत शिरायची भीती असलेल्यांसाठी तर फारच. पण मशीन नेटवर्कवर असलं तरच. वाय-फायवरून उतरलेल्या मशीनला ते वर आणू शकत नाही. म्हणून आधी कागद काढायचा, मग टूल चालवायचं.

चौथा बिघाड लोकांना सर्वांत जास्त गोंधळवतो, कारण प्रिंट चालू झाल्यावर काम संपलं असं वाटतं. ब्रदरचा स्कॅनर ड्रायव्हर प्रिंटरच्या पोर्टवर अवलंबून नसतो, त्याचा पत्ता वेगळा साठवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये स्कॅनर्स अँड कॅमेराज उघडा, मशीनच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, नेटवर्क सेटिंगचा टॅब बघा. तिथे पत्त्याने किंवा नावाने, अशा दोन पद्धती आहेत. नवा आयपी इथेही टाकावा लागतो. मशीनवरचं स्कॅन बटण दाबून कॉम्प्युटरकडे फाइल पाठवायची असेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी ५४९२५ हा पोर्ट आत येण्यासाठी उघडा हवा. राउटर बदलल्यावर विंडोज नव्या नेटवर्कला 'पब्लिक' समजतं आणि हे सगळे दरवाजे बंद करतं. ते 'प्रायव्हेट' करणं हा स्कॅनच्या निम्म्या तक्रारींवरचा इलाज असतो. ब्रदरने स्कॅनचा पत्ता प्रिंटच्या पत्त्याशी का जोडला नाही, हे मला पटत नाही. या मशीनमधली ही खरी उणीव आहे.

अपडेट कसं करावं याबद्दल. ब्रदरच्या सपोर्ट साइटवर फर्मवेअर अपडेट टूल मिळतं. शक्यतो यूएसबी केबल लावून एका कॉम्प्युटरवरून चालवा. त्याआधी नेटवर्कचा कागद आणि प्रिंटर सेटिंग्जचा कागद छापून बाजूला ठेवा, वेब पेजवरच्या मेंटेनन्स इन्फर्मेशनमधून मेन आणि सब१ फर्मवेअरचे आकडे लिहून घ्या, आणि बाकी कॉम्प्युटरवरून प्रिंट देणं थांबवा. अपडेट चालू असताना मशीन बंद झालं तर पुढे सर्व्हिस सेंटरशिवाय मार्ग नाही, आणि जुनं फर्मवेअर परत टाकायची सोय साध्या वापरणाऱ्याला नाही. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते, तो दिवस टाळा. पावसाळ्यात ढग भरून आलेले असताना तर हातच घालू नका. 'यूपीएसवर लावून करू' असं कुणी सुचवेल. छापताना हे मशीन साधारण पाचशे वॅट घेतं आणि फ्युजर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापताना त्याहून जास्त ओढतं. कॉम्प्युटरसाठी घेतलेला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्या झटक्याला पडतो, आणि अपडेटनंतरच्या रीस्टार्टला फ्युजर तापतोच. राउटर आणि कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या, प्रिंटर भिंतीच्या प्लगवर.

अपडेटनंतर तेच दोन कागद परत छापायचे आणि जुन्यांशी ओळ न ओळ ताडून बघायचे: आयपी, बूट मेथड, नोडचं नाव, वायरलेस असेल तर नेटवर्कचं नाव. काही बदललं नसेल तर कॉम्प्युटरला हातही लावायचा नाही.

पत्ता पक्का करण्याचे दोन मार्ग आहेत आणि यात माझा कल स्पष्ट आहे. मशीनमध्ये स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवलेला कायमचा, आयपी टाकून ठेवण्यापेक्षा मशीनची बूट मेथड ऑटो राहू द्या आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेसला एक पत्ता राखून ठेवा. कारण सरळ आहे: अपडेटने मशीनचं नेटवर्क सेटिंग पुसलं तर स्टॅटिक आयपीही पुसला जातो, राउटरमधली नोंद मात्र जागेवर राहते आणि लॅनवरच्या मशीनला परत तोच पत्ता देते. राउटरच कंपनीने बदलून दिला तर नोंद पुन्हा करावी लागेल, एवढंच. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरता येत नसेल तर स्टॅटिक घ्या, पण राउटर जी रेंज वाटतो तिच्या बाहेरचा आकडा निवडा. रेंजच्या आतला घेतला तर तोच आकडा एक दिवस कुणाच्या तरी फोनला मिळेल.

वेब पेजचा पासवर्डही याच बैठकीत बदलून टाका. या पिढीच्या बऱ्याच मशीनवर तो सगळीकडे एकच, 'इनिटपास', इंग्रजी लहान अक्षरांत असा असायचा. नंतरच्या मशीनवर तो मागच्या लेबलवर पीडब्ल्यूडी या अक्षरांपुढे छापलेला असतो. दोन्ही तसेच ठेवण्यासारखे नाहीत. नवा पासवर्ड ऑफिसच्या वहीत लिहा, कारण तो विसरला तर मशीन मूळपदावर न्यावं लागतं आणि सगळी जोडणी परत.

घ्यावं का? लॅन केबल पोहोचत असेल आणि काम काळ्या-पांढऱ्या कागदांचं असेल, तर वापरलेलं, चांगल्या स्थितीतलं मशीन घ्यायलाही हरकत नाही. नेटवर्क पूर्ण बंद पडलं तरी झेरॉक्स चालू राहते आणि यूएसबीने एका कॉम्प्युटरवरून छपाई होते, म्हणजे समोर उभं असलेलं गिऱ्हाईक परत जात नाही. फक्त वाय-फायवर चालवायचं असेल, राउटर नवा असेल आणि घरातलं सगळं डब्ल्यूपीए३ वर असेल, तर मात्र ५ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालणारं नवं मॉडेल बघा, आणि त्यातही लॅन पोर्ट आहे का ते आधी विचारा. वापरलेलं घेताना दुकानातच नेटवर्कचा कागद छापायला सांगा, मेन्यूतून नेटवर्क रिसेट करून घ्या, लॅन केबल लावून पत्ता मिळतो का ते तिथेच बघा आणि ड्रमचं किती आयुष्य उरलंय ते वाचा. ड्रम संपत आलेला असेल तर तेवढी किंमत कमी करून मागा.